रुपयाला पाचशेचा भाव आणि उडालेली झोप

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या पडघ्याच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. पहिले उन्हाळ्याचे, म्हणजे जुलाब, उलट्या आणि लघवीची जळजळ. दुसरे असतात विशी-तिशीतले तरुण. छातीत धडधड, पोटात आग, झोप नाही, जेवण जात नाही, अशी त्यांची तक्रार असते. तपासले तर फारसे काही सापडत नाही. अनेक वर्षे मी हा दुसरा प्रकार गोदामातली रात्रपाळी आणि तिथला वडापाव यांच्या नावावर टाकत आलो. क्रिकेटचा मोसम आणि ही धडधड एकाच वेळी येते हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला. वय सत्तावीस, महामार्गालगतच्या एका गोदामात सुपरवायझर. रक्तदाब १५०/९६, ईसीजी सरळ, थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल. मी आम्लपित्ताची गोळी दिली, झोपेची दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी म्हणाला, "डॉक्टर, सारखं यायला जमत नाही, महिन्याच्या एकदम लिहून द्या." घाईत होतो, तरी का कोण जाणे, पाचच दिवसांच्या लिहिल्या. चार दिवसांनी त्याची आई आली. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले दोन लाख बँकेत नव्हते, मोटारसायकल गहाण पडली होती, आणि मुलाच्या उशीखाली तिला माझ्याच गोळ्या साठवलेल्या सापडल्या होत्या. एकही खाल्लेली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. तीन वेळा तो माझ्यासमोर बसला होता आणि मी एकदाही विचारले नव्हते, "बाबा, पैशाची काही भानगड आहे का? सट्टा खेळतोस का?"

दुसऱ्या दिवशी मायलेकांना दुपारी, दवाखाना रिकामा असताना बोलावले. मुलगा तासभर बोलला. सुरुवात हरण्यापासून झालीच नव्हती, जिंकण्यापासून झाली होती. एका सामन्यात सगळ्यांनी सोडून दिलेल्या संघावर त्याने दोन हजार लावले, चाळीसचा भाव होता, आणि तो संघ जिंकला. ऐंशी हजार! पाच महिन्यांचा पगार एका रात्रीत. माझ्या मते त्याला आजार जडला तो त्याच रात्री. पुढचे दीड वर्ष तो त्या रात्रीलाच शोधत होता.

असे विजय खोटे नसतात, म्हणून तर ते घातक असतात. १९८३ च्या विश्वचषकाआधी इंग्लंडातल्या बुकींनी भारताला ६६ ला १ असा भाव दिला होता, आणि कपिलदेवच्या संघाने कप आणला. १९८१ साली लीड्सच्या कसोटीत इंग्लंडचा भाव ५०० ला १ झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्याच लिलीने दहा आणि मार्शने पाच पौंड इंग्लंडवर लावले. बोथमने नाबाद १४९ केल्या, विलिसने ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकले. स्वतः हरलेल्या या दोघांना साडेसात हजार पौंड मिळाले. २०१६ मध्ये लिस्टर हा फुटबॉल संघ तर ५००० ला १ भावातून इंग्लंडचा विजेता झाला. या गोष्टी चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे सांगितल्या जातात. त्याच भावात पैसे लावून बुडालेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तीत सांगण्यासारखे काही नसते.

आता हिशेब पाहू. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना तो मटक्यावरून चटकन कळेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर लागणारा हा आकडा १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी पत्त्यांवर आणला. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहातून एकदा लागणार, पण रुपयाला मिळणार नऊ. जोडीत शंभरातून एकदा लागणार, मिळणार नव्वदच्या आसपास. मधला रुपया चालवणाऱ्याचा. क्रिकेटच्या मोठ्या भावातही हेच असते, फक्त दिसत नाही. ज्याची खरी शक्यता ऐंशीतून एकदा, त्याला बुकी पन्नासचा भाव देतो, आणि पन्नास हा आकडाच इतका मोठा वाटतो की ऐंशी कोणी मोजत बसत नाही. अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींचा अभ्यास करणाऱ्यांना १९४९ सालीच दिसले होते की लोक हरणाऱ्या घोड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. थोडक्या शक्यतेला माणूस मनात मोठी करून पाहतो.

पाच सामन्यांचे निकाल एकत्र जोडून लावण्याची तऱ्हा त्याहून वाईट. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा बरोबरीचा धरा. रास्त भाव दुप्पट, बुकी देतो १.८ पट. पाचही बरोबर आले तर जवळजवळ १९ पट मिळतात, म्हणून माणूस खूश. पण रास्त भाव होता ३२ पट. एका पैजेत शंभरातले दहा जात होते, इथे एकेचाळीस गेले.

आणखी एक गैरसमज त्या मुलाचाही होता: "पन्नासला एक म्हणजे पन्नास वेळा लावल्यावर एकदा तरी येणारच की." तसे नाही. गणित केले तर पन्नास वेळा लावणाऱ्या शंभरातल्या ३६ जणांना एकदाही लागत नाही. शंभर वेळा लावूनही १३ जण कोरडेच राहतात. मागे किती हरलो हे पुढच्या चेंडूला ठाऊक नसते.

मग शहाणी माणसे का अडकतात? बक्षीस कधी मिळेल हे ठरलेले नसले की मेंदू त्याच्या मागे जास्त धावतो. कबुतरांवरच्या प्रयोगांत हे फार पूर्वी दिसले आहे. शिवाय शेवटच्या चेंडूवर थोडक्यात हुकले, तर मेंदूतला आनंदाचा भाग जिंकल्यासारखाच चेततो, असे स्कॅनमध्ये आढळले आहे. म्हणून "थोडक्यात गेलं रे" म्हणणारा माणूस थांबत नाही, उद्याची तयारी करतो. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत जुगाराची लत दारू-अफूच्या व्यसनांच्या रांगेत गेली. बंद केल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप उडणे हेही तसेच. जाता जाता एक गोष्ट: कंपवातासाठी प्रामीपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणाऱ्या एखाद्या आजोबांना उतारवयात अचानक जुगाराची ओढ लागली, तर त्यांना बोल लावू नका, डॉक्टरांना सांगा. या औषधांचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आता मी धडधड घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुणाला दोन प्रश्न विचारतो. दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटते का? किती लावले याबद्दल घरी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर हो आले तर खुर्ची जवळ ओढून बसतो. तिसरा प्रश्न जिवाचा. "मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळे व्हायला वाट मिळते. पोलिसांची भीती बाळगून गप्प राहू नका. दवाखान्यात सांगितलेले मी चावडीवर नेत नाही.

त्या मुलाच्या बाबतीत असे ठरले. पगार आईच्या खात्यात, त्याच्या खिशात रोज शंभर रुपये. सट्ट्याचा आयडी देणाऱ्याचा नंबर आणि तसले सगळे ग्रुप बंद, सिम नवे. कर्जाचा पूर्ण आकडा एकदाच, कागदावर, घरच्यांसमोर. हे सर्वांत अवघड गेले; तीनदा लिहिला, तिन्ही वेळा वाढला. त्याचे मामा जमीन विकून सगळे एका दमात फेडायला निघाले होते, त्यांना मी अडवले. एकरकमी सुटका झाली की माणूस पुन्हा कोऱ्या पाटीने खेळायला बसतो. हप्त्याने त्यानेच फेडावे. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले. त्यांनी समुपदेशन आणि नालट्रेक्सोन सुरू केले. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव काढताच आई रडली होती. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आमच्याकडे मधुमेहाला कोणी विचारत नाही. ज्यांना एवढ्या लांब जाणे जमत नाही त्यांनी सरकारच्या टेलीमानसला १४४१६ वर फोन करावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगले झाले. पण आमच्याकडचा बराचसा व्यवहार पूर्वीही कायद्याला विचारून चालत नव्हता, टपरीमागे उधारीवरच चालत होता. तेव्हा घरच्यांनी मोबाईलपेक्षा माणसाकडे पाहावे. सामना संपल्यावर त्याचे तोंड कोणत्या संघामुळे पडले आहे, तो संघ दर आठवड्याला बदलतो का, दागिने जागच्या जागी आहेत का, दूरच्या नातेवाइकांकडून अचानक उसनवारी सुरू झाली आहे का.

मुलगा मधल्या काळात एकदा घसरला, पाचशे रुपयांनी. दुसऱ्या दिवशी आईच्या आधी तो स्वतःच येऊन सांगून गेला. रक्तदाब आता १२४/८२ आहे. बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले, पण झाले. मी जेवायला गेलो होतो. मोटारसायकल अजून सुटलेली नाही, तो गोदामावर सायकलने जातो.