शांतिरक्षणात स्त्रियांचा सहभाग

गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, या हेतूने महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्याच वर्षाच्या आरंभी आफ्रिकेतील लायबेरियात भारतीय महिला पोलिसांचे एक पथक दाखल झाले होते. एक प्रयत्न गावचा, दुसरा जगाचा. परंतु स्त्रियांच्या सहभागावाचून शांतता टिकत नाही, हा धडा दोहोंना सारखाच लागू पडतो. पेण तालुक्यातील हमरापूरसारख्या गावांतील पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनीही तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

उशिरा उघडलेले दार

संयुक्त राष्ट्रांचे शांतिरक्षण कार्य १९४८ मध्ये सुरू झाले. तथापि १९५७ ते १९८९ या काळात त्यात गणवेशधारी स्त्रिया अवघ्या २० होत्या. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ संमत केला आणि शांतताविषयक निर्णयांत स्त्रियांना स्थान असावे, हे तत्त्व मान्य झाले. २००३ मध्ये किरण बेदी यांची संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागारपदी नियुक्ती झाली.

लायबेरियातील अनुभव

लायबेरियातील यादवी २००३ मध्ये थांबली. त्या काळात असंख्य स्त्रियांवर अत्याचार झाले होते. ज्यांनी शस्त्रधारी पुरुषांचे भय अनुभवले, त्यांनी पुन्हा शस्त्रधारी पुरुषापुढेच तक्रार कशी मांडावी? ही अडचण महिला पोलिसांमुळे सुकर झाली. केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभरहून अधिक महिलांचे हे पथक, केवळ महिलांचे असे संयुक्त राष्ट्रांचे पहिलेच पोलीस पथक होते. मोनरोव्हिया शहरात रात्रीची गस्त, अध्यक्षांच्या कार्यालयाचा बंदोबस्त, मुलींना स्वसंरक्षणाचे शिक्षण अशी कामे त्यांनी केली. २०१६ पर्यंत एकामागून एक नऊ तुकड्यांनी तेथे सेवा बजावली. त्यांना पाहून लायबेरियातील स्त्रियाही पोलीस सेवेकडे वळल्या. हे या कार्याचे सर्वांत टिकाऊ फलित होय.

अपुरे प्रमाण

असे असूनही २०२० मध्ये शांतिसेनेच्या लष्करी तुकड्यांत स्त्रियांचे प्रमाण ४.८ टक्के, तर पोलीस पथकांत १०.९ टक्के एवढेच होते. भारताने जानेवारी २०२३ मध्ये सुदान व दक्षिण सुदान यांच्या सीमेवरील अबेयी प्रदेशात महिला सैनिकांची तुकडी पाठविली. मेजर सुमन गवानी व मेजर राधिका सेन यांना अनुक्रमे २०१९ व २०२३ या वर्षांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही लाभला.

आपले कर्तव्य

शांतिसेनेत सैनिक व पोलीस पाठवितात ती सदस्य राष्ट्रेच. तेव्हा तेथील स्त्रियांची संख्या अखेर आपल्या गावांतून होणाऱ्या भरतीवरच अवलंबून राहते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला असून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. राज्य पोलीस भरतीतही महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. ही माहिती शिक्षकांनी वर्गात व सदस्यांनी ग्रामसभेत द्यावी. ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा आज स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावाचा तंटा ऐकावयास बसणाऱ्यांतही स्त्रिया असल्या, तर पीडित भगिनी निःसंकोचपणे बोलेल. शांतिरक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.