शिक्का सरकारी, माल आपला : परवानगी कुणाची?



उसाच्या जोडीला हळद, आले, द्राक्ष, घेवडा ही पिके आपल्या भागात पूर्वीपासूनच आहेत. फरक पडला तो एवढाच की, पूर्वी हळद पोत्यात भरून सांगलीच्या अडतीला जात असे आणि आपले काम तिथेच संपत असे. आता कितीतरी सभासदांच्या घरी, विशेषतः महिला बचत गटांत, हळद दळून पाव किलोच्या पिशवीत भरली जाते. कुणी काकवी बाटलीत भरतो, कुणी बेदाणा खोक्यात. पिशवी आली की छपाई आली, आणि छापखानेवाला विचारतो, "वर काय काय टाकायचं?" घोटाळा इथेच सुरू होतो. त्याच्याकडे चित्रांचा साठा तयार असतो. ॲगमार्क आहे, आय.एस.आय. आहे, जी.आय.चे बोधचिन्ह आहे, तीन सिंहांची राजमुद्राही आहे. पाहिजे ते उचला आणि छापा. पिशवी दिसायला झकास होते.

"अहो, हळद माझी, रान माझं, पिशवीचे पैसे मी भरले. मग खूण टाकायला कुणाला विचारायचं?" असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

सरकारचे ते सगळ्यांचे, असा आपला समज असतो. गावची चावडी जशी सगळ्यांची, तसा सरकारी शिक्काही सगळ्यांचा, असे वाटते. पण शिक्क्याची तुलना करायची तर ती चावडीतल्या दप्तराशी करावी. दप्तर गावाचेच असते, पण त्यात नोंद करण्याचा अधिकार तलाठ्याला असतो. आपल्या रानात ऊस उभा आहे हे खरे असले, तरी पूर्वी सात-बारावर तो आपल्या हाताने लिहिता येत नसे. तसेच, आपली हळद एक नंबरची असली, तरी "एक नंबर" हा शिक्का आपला आपण मारता येत नाही. माल चांगला असणे ही एक गोष्ट, आणि तो तपासून कुणी तसे लिहून देणे ही दुसरी.

आता ॲगमार्क घ्या. शेतमालाची प्रतवारी करून त्यावर खूण मारण्याचा कायदा १९३७ सालचा आहे आणि आजही तोच चालू आहे. केंद्र सरकारचे विपणन व निरीक्षण संचालनालय त्याचे काम पाहते. त्याचे मुख्य कार्यालय फरिदाबादला, शाखा मुख्य कार्यालय नागपूरला, आणि मध्यवर्ती ॲगमार्क प्रयोगशाळाही नागपुरातच. हळदीला ॲगमार्क घेणे सक्तीचे नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. न घेता हळद विकता येते. मात्र घ्यायचा म्हटला तर त्याची रीत पाळावी लागते. आधी अर्ज करायचा. मग अधिकारी येऊन जागा, गिरणी, साठवणूक पाहतात. मालाची तपासणी करायला स्वतःची प्रयोगशाळा तरी हवी, नाहीतर संचालनालयाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेशी व्यवस्था हवी, आणि तपासणारा रसायनतज्ज्ञही मान्यताप्राप्त हवा. एवढे झाले की अधिकारपत्र मिळते. ते अमक्या माणसाला, अमक्या मालासाठी, अमक्या जागेपुरते असते. हळदीचे अधिकारपत्र घेऊन त्याच पिशवीच्या छाप्यावर मिरची पूड भरली, तर तो शिक्का खोटाच.

बरे, अधिकारपत्र मिळाले म्हणजे सुटलो असेही नाही. दर लॉटचा नमुना तपासायचा, नोंदवही ठेवायची, आणि लेबलवर लागणाऱ्या क्रमांकाचा हिशेब द्यायचा. किती लेबले घेतली, किती वापरली, किती खराब झाली, सगळे जुळले पाहिजे. आपल्या वजनकाट्याच्या पावत्यांसारखाच हा प्रकार. आमच्या मते ॲगमार्कची खरी किंमत फीमध्ये नसून या रोजच्या नोंदीत आहे. पंधरा-वीस पोती दळणाऱ्या एकट्या घराला ती झेपणे कठीण. चार गावांतील गट एकत्र आले, एकच गिरणी आणि एकच भरणी केंद्र ठेवले, तर मात्र जमण्यासारखी आहे. सहकार आपल्याला नवा नाही.

तपासणीत काय पाहतात, तेही सांगून ठेवतो. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे हळद पुडीत ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, रंग देणारे कर्क्युमिन २ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि लेड क्रोमेट हा विषारी पिवळा रंग अजिबात चालत नाही. पावसाळी हवेत दळलेली पूड ओलाव्यातच नापास होते, हे हळद करणाऱ्या बायाबापड्यांना सांगायला नको. इथे एक फरक लक्षात घ्यावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी अथवा परवाना आणि त्याचा १४ अंकी क्रमांक पिशवीवर हवाच हवा, तो ऐच्छिक नाही. ॲगमार्क ऐच्छिक आहे. लोक नेमके उलटे करतात. सक्तीचा क्रमांक राहतो आणि ऐच्छिक शिक्का मात्र ठळक छापला जातो!

बनावट ॲगमार्क शिक्का तयार करणाऱ्याला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती कैद काढून तिच्या जागी आठ लाख रुपये दंड ठेवला. कैद गेली म्हणून कुणी हुश्श करू नये. बचत गटाला आठ लाख म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

दुसरी खूण जी.आय.ची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची. आपल्या दोन जिल्ह्यांना ही सर्वांत जवळची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली, सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली हे मानांकन मिळाले. शेजारच्या कोल्हापुरी गुळाची नोंद त्याआधीच, २०१४ साली झाली. याचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, आणि नोंदणी कार्यालय चेन्नईला.

मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पेढे वाटले गेले, आणि सर्वांचा असा ग्रह झाला की आता सांगलीत पिकवणारा जो तो "जी.आय. सांगली हळद" असे छापायला मोकळा. तसे नाही. या नोंदीचे दोन भाग आहेत. ज्या संस्थेने अर्ज केला ती नोंदणीकृत मालक. प्रत्यक्ष पिकवणारा, प्रक्रिया करणारा किंवा भरणी करणारा, याने स्वतः अर्ज करून "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव लावून घ्यायचे असते. सोसायटी नोंदली म्हणून गावातला प्रत्येक जण आपोआप सभासद होत नाही, त्याला शेअर घ्यावा लागतो, तसेच हे आहे. पूर्वी या अर्जाची फी ५०० रुपये होती. २०२० च्या सुधारित नियमांनी ती फक्त १० रुपये केली. दहा रुपयांच्या कामासाठी आपण अडून बसलो आहोत, याचे आम्हांला नवल वाटते.

आता यातली खुबी पाहा. व्यापारी मार्का मालक दुसऱ्याला वापरायला देऊ शकतो, विकू शकतो, गहाणही टाकू शकतो. भौगोलिक मानांकनाचे तसे करता येत नाही. कायद्याच्या २४ व्या कलमाने ते विकायला, भाड्याने द्यायला किंवा गहाण टाकायला साफ मनाई केली आहे. म्हणजे एखादा मोठा व्यापारी येऊन म्हणाला, "तुमचं नाव नोंदलंय ना, मग तेवढं मला वापरायला द्या, पोत्यामागे इतके देतो," तर तो करार कायद्यात बसत नाही. मात्र अधिकृत वापरकर्ता वारला तर त्याचा हक्क वारसाकडे जातो. नाव मातीला चिकटलेले आहे, म्हणून ते मातीबरोबरच चालते. शिवाय "सांगली हळद" हे नाव कुणा एका पेढीला आपला खासगी मार्का म्हणून नोंदवून घेता येत नाही. आमच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या बाजूचे एवढे स्पष्ट कलम दुसऱ्या कुठल्या व्यापारी कायद्यात क्वचितच सापडेल.

अडचण येते ती दुसरीकडेच. सांगलीची पेठ मोठी. तिथे कर्नाटकातून, तेलंगणातून, मराठवाड्यातूनही हळद येते. तिचा सौदा सांगलीत होतो, पूर्वी ती हरिपूरच्या पेवांतही साठवली जाई, म्हणून काही ती सांगली हळद ठरत नाही. नोंदीत जो भाग आणि जे गुण लिहिले आहेत, ते त्या मालात असले पाहिजेत. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीची नोंद तर स्वतंत्र आहे. साताऱ्याच्या सभासदांनी हे विशेष पाहावे. आपले गाव नोंदीतल्या नकाशात येते की नाही, हे नोंदणी कार्यालयाच्या कागदांत सापडते. गुळाचेही तसेच. कऱ्हाड-शिराळ्याच्या गुऱ्हाळातली ढेप कितीही पिवळीधमक असो, "कोल्हापुरी" लिहिण्यापूर्वी नोंद पाहावी. पिशवीवर आपला खरा पत्ता छापणे हे वेगळे, तो तर छापलाच पाहिजे. पण नोंदलेले नाव मालाचे नाव म्हणून छापणे याला हक्क लागतो. खोट्या वापराला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. मानांकनाचे एक सामाईक बोधचिन्हही केंद्र सरकारने २०१८ साली काढले. ते सरकारच्या मालकीचे असून नोंद नसलेल्या मालावर लावता येत नाही.

हळदीचे पुष्कळ झाले, आता उसाकडे वळू. रोपवाटिका सध्या गावोगाव झाल्या आहेत. एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये वाढवून विकणे हा चांगला जोडधंदा आहे, त्याला आमचा पाठिंबाच आहे. पण रस्त्याकडेचे फलक पाहिले तर कृषी विद्यापीठाचे बोधचिन्ह आणि त्याखाली "प्रमाणित बेणे" अशी अक्षरे दिसतात. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला फुले २६५ आपण लावला, तर त्याचे नाव सांगायला काहीच हरकत नाही. वाणाचे नाव ही वस्तुस्थिती आहे. बोधचिन्ह मात्र विद्यापीठाची खूण आहे, आणि ती लावायची तर त्यांची लेखी परवानगी हवी. "प्रमाणित" हा शब्दही साधा नाही. बीजोत्पादनात पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूतला पांढरी आणि प्रमाणितला निळी खूणचिठ्ठी असते, आणि प्रमाणीकरण यंत्रणेने प्लॉट पाहिल्याशिवाय निळी चिठ्ठी मिळत नाही.

यावर काही जण घाबरून विचारतात, "मग शेजाऱ्याला बेणंसुद्धा द्यायचं नाही का?" द्यायचे, खुशाल द्यायचे. वनस्पती वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यातील ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या रानातले बियाणे राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, वाटायला आणि विकायलाही मोकळीक दिली आहे, मग वाण संरक्षित का असेना. बंदी फक्त एकाच गोष्टीला. संरक्षित वाणाचे बियाणे पिशवीत भरून, त्यावर तसे लेबल लावून, ब्रँडेड माल म्हणून विकायचे नाही. मोळी बांधून दिलेले बेणे आणि छापील लेबल लावून दिलेले बेणे यांत कायद्याने एवढा फरक केला आहे. संरक्षण असल्याचे शेतकऱ्याला खरोखर माहीत नव्हते, तर त्याला दोषी धरू नये, अशीही सवलत पुढे ४२ व्या कलमात आहे.

आय.एस.आय.बद्दल थोडक्यात. ही खूण भारतीय मानक ब्युरोची. आपण ती लावणारे नसून बहुधा विकत घेणारे आहोत. ठिबकची नळी, पी.व्ही.सी. पाईप, पाणबुडी पंप यांवर नुसते चित्र पाहू नका. चित्राच्या वर मानकाचा आय.एस. क्रमांक असतो. पी.व्ही.सी. पाईपला ४९८५, ठिबकच्या इनलाइन नळीला १३४८८, पाणबुडी पंपाला ८०३४. चित्राखाली सी.एम./एल. या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक ब्युरोच्या "बी.आय.एस. केअर" या मोबाईल ॲपवर टाकला की परवाना कुणाचा, कशाचा आणि चालू आहे का, ते कळते. क्रमांक नसेल तर ते चित्र म्हणजे नुसती शाई.

राहता राहिली राजमुद्रा आणि थोरांची नावे. अशोकस्तंभ खासगी मालावर छापणे २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि एक गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज, महात्मा गांधी यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्रही आहे. म्हणजे महाराजांचे नाव किंवा चित्र धंद्यासाठी मार्का म्हणून वापरायचे तर केंद्र सरकारची परवानगी लागते. दिनदर्शिकेवर चित्र छापायला सूट आहे, पण तिच्यावर छापणाऱ्याचे आणि काढणाऱ्याचे फक्त नाव असावे आणि तिने मालाची जाहिरात करू नये. साताऱ्याची गादी आपल्या अभिमानाची, म्हणून गुळाच्या पेटीवर महाराजांचे चित्र टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पेटी फोडल्यावर ते चित्र कचऱ्यात पडते, याचाही विचार व्हावा.

ज्यांनी पिशव्या आधीच छापून ठेवल्या आहेत त्यांनी त्या जाळायची घाई करू नये. नको असलेली खूण पूर्ण झाकेल असा कागद वर चिकटवून, त्यावर अन्न परवान्याचा क्रमांक, वजन, किंमत, भरल्याची तारीख आणि आपला पत्ता छापून घेतला तर पिशवी वाया जात नाही. खूण अर्धवट दिसता कामा नये. नवी छपाई करणाऱ्यांनी मजकुराचा कच्चा नमुना छापखान्यात देण्यापूर्वी कारखान्याच्या शेती विभागात दाखवावा. जी.आय.च्या अर्जासाठी सात-बारा, पीकपेऱ्याची नोंद आणि ओळखपत्र यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. एका गावातून दहा-बारा अर्ज एकदम आले तर ते भरून घेण्याचे काम एका दिवसात उरकते.