उपघटक ३.२ : रोजनिशी आणि प्रवासवर्णन – राजधानीदर्शनाचा एक दिवस

३.२.१ प्रस्तावना

अनोळखी राजधानीत हिंडून घालवलेला एक दिवस दोन प्रकारे लिहिता येतो : त्याच रात्री रोजनिशीत, किंवा घरी परतल्यावर प्रवासवर्णनात. या दोहोंतील भाषिक भेद आपण येथे समजून घेणार आहोत.

३.२.२ विषयविवेचन

पुढील वाक्ये उदाहरणादाखल रचली आहेत.

(अ) आज वेस्टमिन्स्टर ॲबे पाहिले. येथे अनेक राजांच्या समाधी आहेत. उद्या ब्रिटिश म्युझियम पाहणार.

(आ) त्या दिवशी आम्ही वेस्टमिन्स्टर ॲबे पाहिले. तेथे अनेक राजांच्या समाधी आहेत. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम पाहिले.

स्थळे तीच आहेत. मात्र 'आज', 'येथे', 'उद्या' यांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या क्षणावर व स्थानावर अवलंबून असतो. 'पाहणार' हा संकल्प आहे, तर 'पाहिले' ही घडून गेलेली घटना. प्रवासवर्णनकाराला प्रवासाचा शेवट ठाऊक असतो. त्यामुळे तो प्रसंग निवडतो, त्यांचे महत्त्व ठरवतो. रोजनिशीकाराला ही सोय नसते.

कोल्हापूरच्या इतिहासात याचे हृदयस्पर्शी उदाहरण आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले. इंग्लंडमधील दिवसांची नोंद ते इंग्रजीत करीत होते. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्यांचे स्मारक आजही तेथे आहे. कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित केलेली रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

घरी परतून त्या दिवसांकडे मागे वळून पाहण्याची संधी महाराजांना मिळाली नाही. म्हणून त्यांचा 'आज' कधी 'त्या दिवशी' झाला नाही. रोजनिशी वाचताना आपल्याला लेखकाचा शेवट ठाऊक असतो, लेखकाला मात्र नसतो. साध्या नोंदींनाही वजन येते ते या अंतरामुळे.

३.२.३ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'उद्या' व 'दुसऱ्या दिवशी' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

२. आपल्या गावातील एखादे ऐतिहासिक स्थळ पाहून त्याच रात्री दहा ओळींची नोंद करा. महिनाभराने ती न पाहता त्याच दिवसाचे वर्णन लिहा. दोन्ही लेखनांत कोणते तपशील गळले व कोणते नव्याने आले, ते नोंदवा.