दंड माझ्या नावावर, गाडी भलत्याचीच

प्रश्न : माझी स्कूटर कधी नाशिकबाहेर गेलेली नाही, तरी विनाहेल्मेटचं पुण्यातलं ई-चलान आलंय. दंड भरून मोकळी होऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, घाबरू नका आणि दंड भरू नका. भरलात तर चूक कबूल केल्यासारखं होतं, आणि आपल्या गाडीला तुमचा नंबर लावणारा भामटा तसाच फिरत राहतो. चलानातला फोटो मोठा करून बघा : आरसे, सीटचा रंग, मागच्या मडगार्डवरचा ओरखडा. फरक तिथेच सापडतो. तुमच्या गाडीचे तसेच फोटो आणि आरसी जोडून महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. बनावट नंबरप्लेटची लेखी तक्रार पोलीस ठाण्यातही द्या आणि शिक्क्याची पोच घ्याच. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं, तर हाच कागद तुमच्या कामी येईल. लोकअदालतीची नोटीस आली, तर कागदपत्रं घेऊन हजर राहा.