समुद्रातील तेलगळती आणि संगणकाचे गणित

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' एका कुशीवर कलंडले. त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात पसरले. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आली होती. नव्या हंगामाच्या तयारीत असलेल्या कोळी बांधवांना जाळी गुंडाळून ठेवावी लागली, आणि उरण-अलिबागकडील किनाऱ्यांवर व तिवरांच्या मुळांवर काळा थर बसला.

अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : हे तेल आता कोठे जाणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञ संगणकीय प्रतिमानाचा, म्हणजेच 'मॉडेल'चा आधार घेतात. त्याचे स्वरूप शालेय गणित शिकलेल्या कोणासही समजेल असे आहे. म्हणून स्मरणिकेच्या वाचकांसाठी तो पाठ आम्ही येथे मांडत आहोत.

तेल कसे वाहते?

पाण्यावरील तेलाला प्रामुख्याने दोन शक्ती ढकलतात. पहिली शक्ती प्रवाहाची. भरती-ओहोटीचे पाणी जिकडे जाते तिकडे तेलही जाते. दुसरी शक्ती वाऱ्याची. वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने तवंग सरकतो, असा अनुभवसिद्ध नियम आहे. समजा, वारा सेकंदाला १० मीटर या वेगाने वाहत आहे. त्यामुळे तेलाला सेकंदाला ०.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे एक किलोमीटर वेग मिळेल. भरतीने आत नेलेले तेल ओहोटी बऱ्याच अंशी परत आणते, पण वारा एकाच दिशेने वाहत राहिला तर बारा तासांत तेवढ्यानेच तेल बारा-तेरा किलोमीटर पुढे जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

वाहता वाहता तेल बदलतही असते. त्याचा हलका अंश हवेत उडून जातो. जड तेल लाटांनी घुसळले जाते, त्यात पाणी मिसळते, ते घट्ट होते आणि आकारमानाने तीन-चार पट वाढू शकते. असे घट्ट झालेले तेल उपसणे फार कठीण असते. म्हणूनच पहिले काही तास मोलाचे ठरतात.

संगणक काय करतो?

अमेरिकेतील 'नोआ' या महासागर व वातावरणविषयक शासकीय संस्थेने 'नोम' नावाचे प्रतिमान तयार केले आहे. आपल्या देशात हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही संस्था त्याचा उपयोग करून तेलगळतीविषयी सूचना देते. या प्रतिमानात सांडलेले तेल म्हणजे हजारभर सुटे ठिपके, असे मानले जाते. दर काही मिनिटांच्या टप्प्यावर प्रत्येक ठिपक्याला प्रवाहाचा व वाऱ्याचा धक्का दिला जातो. समुद्रातील लहानमोठ्या खळबळीसाठी थोडा अनियमित धक्काही त्यात मिळवला जातो. अशी बेरीज करत गेल्यावर उद्या-परवा तवंग कोठे असेल, याचे चित्र नकाशावर उमटते.

तथापि वाऱ्याचा अंदाज चुकू शकतो, आणि किती तेल सांडले हेही प्रारंभी नेमके ठाऊक नसते. 'नोम'ने ही मर्यादा लपवलेली नाही. सर्वांत संभाव्य मार्ग ते काळ्या ठिपक्यांनी दाखवते, तर अंदाज चुकल्यास तेल कोठवर जाऊ शकेल हे लाल ठिपक्यांनी. काळ्या ठिपक्यांच्या वाटेवर तरंगते अडसर लावावेत, हे तर उघडच आहे. परंतु लाल ठिपक्यांच्या टापूत एखादी खाडी अशी असेल की ती बिघडल्यास कित्येक वर्षे भरून येणार नाही, तर संभव कमी असला तरी तिचेही रक्षण करावे. पुढे पश्चात्तापाची पाळी कमीत कमी यावी, हा त्यामागील विचार होय. शिवाय विमानातून तवंग प्रत्यक्ष पाहून कालचे भाकीत रोज तपासावे व दुरुस्त करावे लागते.

अपघातापूर्वीचे काम

संगणकाचा खरा उपयोग अपघाताच्या आधी होतो. गत वर्षांतील वारे व प्रवाह यांच्या नोंदी घेऊन एकाच जागची काल्पनिक गळती शेकडो वेळा चालवून पाहिली, तर कोणत्या किनाऱ्यावर तेल वारंवार येते आणि किती तासांत येते, हे कळते. त्यावरून अडसर, पंप व माणसे कोठे ठेवायची हे ठरवता येते. भारतात अशा आपत्तीची राष्ट्रीय योजना १९९६ पासून लागू असून तिची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे.

या कामात किनाऱ्यांना १ ते १० असे संवेदनशीलतेचे क्रमांक दिले जातात. लाटा आपटणारा उघडा कडा पहिल्या क्रमांकात येतो, कारण समुद्रच तो धुऊन काढतो. तिवरांचे वन दहाव्या क्रमांकात येते, कारण त्याच्या श्वसनमुळांवर तेल बसले की झाड गुदमरते आणि तेथे शिरून सफाई करणेही अवघड असते.

येथेच आम्हाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अडसर मोजके असतात आणि खाड्या पुष्कळ. त्यांतील कोणती वाचवायची याचा निर्णय नकाशावरील नोंदी पाहून होतो. कोणत्या खाडीत भरती आधी शिरते, स्त्रिया कालवे कोठे काढतात, लहान होड्या कोठे लागतात, हे त्या गावच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. पण ते नकाशावर लिहिलेले नसेल, तर संगणकाच्या लेखी ते अस्तित्वातच नसते, आणि संकटाच्या घटकेस त्या जागेकडे अडसर वळत नाही.

म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्या व नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : आपल्या परिसरातील वृद्धांकडून ही माहिती लिहून घ्यावी, नकाशावर जागा दाखवाव्यात आणि संबंधित कार्यालयाकडे ती लेखी सादर करावी. पालकांनीही मुलांना वरील उदाहरण वाऱ्याचे वेगवेगळे वेग घेऊन सोडवायला द्यावे. सेकंदाला १५ मीटर वारा असेल, तर सहा तासांत तेल किती दूर जाईल? उत्तर दहा किलोमीटरच्या आसपास येईल. ते आल्यावर मुलाला नकाशा उघडून विचारावे, की त्या दहा किलोमीटरांत कोणकोणती गावे येतात.