झाडाखालचं कुंपण विरळ झालंय? खत टाकण्याआधी हे वाचा



सध्या बांधावर फिरताना एकच चित्र दिसतंय. मेंदीचं, करवंदाचं कुंपण सगळीकडे दाट, आणि चिंचेखाली किंवा आंब्याखाली आलं की बुडातून उघडं, नुसत्या काटक्या. शेळ्यांना ती वाट बरोबर सापडते. आत नवी डाळिंबाची लागण असेल तर एका सकाळीत शेंडे साफ!

अशा वेळी आपण पहिल्यांदा युरिया टाकतो. मीही घरच्या बांधावर दोन वर्षं तेच केलं. मेंदी होती तशीच राहिली, खत चिंचेनं खाल्लं. कुंपणाला तिथे खत नाही, ऊन आणि पाणी कमी पडतं. मोठ्या झाडाची बारीक मुळं वरच्या मातीतच लांबवर पसरलेली असतात, आणि हलका पाऊस तर पानांवरच अडतो. एखाद्या सरीनंतर झाडाखाली आणि मोकळ्यावर चार-चार बोटं माती उकरून बघा, फरक हाताला कळेल.

*आधी ऊन.* झाड तोडायचं नाही. कुंपणावर लोंबणाऱ्या खालच्या फांद्या तेवढ्या काढा. आंब्याच्या फळं उतरवल्यावर. जाड फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत नाही. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून काढा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. लोखंडी बादली वापरू नका.

*मग छाटणी.* पाऊस लागला की जुन्या काटक्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीपासून फूटभर ठेवून कापा, बाकीच्या पुढच्या दोन वर्षांत. सावलीतलं अशक्त झाड सगळं एकदम कापलं तर फुटेलच याचा भरवसा नाही. पुढेही कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवा. वर रुंद झालं की बूड पुन्हा उघडं पडतं.

बुडाशी कुदळ घालू नका. कुजलेलं शेणखत दोन बोटं पसरून वर पालापाचोळा टाका, पण खोडाला चिकटवू नका. पाऊस उघडला तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज तांब्याभर घातलेलं झाडाची मुळंच पितात.

फांद्या काढूनही तीन-चार तास ऊन येत नसेल तर मेंदीचा नाद सोडा, ती उन्हाचीच. तेवढ्या टप्प्यात अडुळसा लावा. थोडी सावली सोसतो, फांदीनं लागतो, आणि शेळी तोंड लावत नाही. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या, फूट-फूट अंतरावर, दोन ओळी, तिरपी मांडणी. खड्ड्यात अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डाच बाजूला सरकवा. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागेल.

रोपवाटिकेत कुंतीही सुचवतील. सावलीत चांगली येते, पण शेजारी मोसंबी, संत्रा किंवा लिंबू असेल तर *नको.* लिंबूवर्गीय पिकांवरची सिट्रस सिला कीड तिच्यावर वाढते, आणि ग्रीनिंग रोग तीच पसरवते.

काड्या फुटेपर्यंत उघड्या जागी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून ठेवा. आपलं कुंपण कोणत्या झाडाखाली आहे आणि ऊन किती वाजता येतं, ते फोटोसह ग्रुपवर टाका.