बेल दाबा, पण एकट्याने उठू नका

रुग्णालयातली बेल फक्त गंभीर कारणासाठी असते, हा समज काही केल्या जात नाही. सलाईन संपत आली की सगळं घर बेलकडे धावतं, हवा शिरेल या धास्तीनं. साधी सलाईन संपली तर ती थांबते, फार तर नळीत थोडं रक्त मागे येतं. बाथरूमला जायचं असलं की मात्र ‘एवढ्यासाठी सिस्टरना कशाला त्रास’ म्हणत पेशंट एकटाच उठतो. खरा धोका तिथे आहे.

न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या सत्तरीतल्या एका आजींना दुसऱ्या दिवशी घरी जायचं होतं. रात्री त्यांनी बेल दाबली, बराच वेळ कोणी आलं नाही. खुर्चीत झोपलेल्या लेकीला उठवणं जिवावर आलं. सलाईनचा स्टँड धरून एकट्याच बाथरूमला निघाल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

पडून राहिल्यावर एकदम उठलं की रक्तदाब उतरतो, अंधारी येते. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी हे वाढतं. म्हणून घाई होण्याआधीच बेल दाबा. उशाशी लघवीचं भांडं मागून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बेलला उशीर होतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्रपाळीला अनेक ठिकाणी एकच सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते. तिच्यावर ओरडू नका, व्यवस्थापनाला लेखी कळवा.

पण कोणी येत नाही म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहून सलाईनचा वेग वाढवणं, ऑक्सिजनची कळ फिरवणं, पक्षाघाताच्या रुग्णाला पाणी पाजणं हा शुद्ध आततायीपणा आहे. जुन्या दमेकऱ्याला जादा ऑक्सिजन घातक ठरू शकतो. पक्षाघातात पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

छातीत दुखणं, धाप लागणं, बोबडी वळणं, अचानक बरळणं, रक्तस्राव, इंजेक्शन किंवा रक्त चालू असताना थंडी वाजणं, अंगावर गांधी उठणं किंवा ओठ सुजणं, यांत बेलची वाट पाहू नका. सोबतच्यानं थेट नर्सिंग स्टेशनवर जावं. सोबत कोणी नसेल तर मोठ्यानं हाक मारा.

खाट मिळाली की आधी बेल वाजते का पाहा आणि ती रुग्णाच्या चांगल्या हाताशी ठेवा. बेल दाबणं हा त्रास देणं नव्हे, तो तुमच्या उपचाराचाच भाग आहे.